जुन्या घरातील न्हाणीघर : थोड्या खर्चात करावयाची सुधारणा



उन्हाळ्याची सुट्टी लागली की आपल्यापैकी पुष्कळजण आपल्या मूळ गावी जातात. वडिलोपार्जित घराची कौले परतणे, भिंतींना चुना देणे, गळती काढणे ही कामे त्या महिनाभरात उरकावी लागतात. या कामांच्या यादीत न्हाणीघराचा क्रमांक बहुधा शेवटचा असतो. पाहुणे तेथे बसत नाहीत, म्हणून त्याच्याकडे लक्ष जात नाही. आणि लक्ष गेलेच तर ते चकचकीत फरशी बसविण्यापुरते जाते. या दोन्ही गोष्टी चुकीच्या आहेत, हे मी स्वतःच्या अनुभवावरून सांगू शकतो.

आमचे घर दगड-मातीचे, दोन पिढ्यांपूर्वीचे. मागील पडवीत शहाबादी फरशीचे न्हाणीघर. काही वर्षांपूर्वी मी हौसेने त्याची दुरुस्ती काढली. प्रथम दुकानात जाऊन गुळगुळीत, चमकदार टाइल्स निवडल्या आणि त्या छतापर्यंत लावून घेतल्या. पैसे तेथेच संपले. जमिनीचा उतार तपासला नाही, मोरी जुनीच राहिली, झरोका टाइल्सखाली बुजला. दिसावयास न्हाणीघर शहरातल्यासारखे झाले. पण कोपऱ्यात पाणी साचू लागले, साबणाचा थर बसू लागला, आणि पहिल्याच पावसाळ्यात माझ्या वृद्ध आईचा पाय तेथे घसरला. तिच्या खुब्याचे हाड मोडले. यात दोष गवंड्याचा नव्हता. मी सांगितले तसे त्याने केले; काय सांगावे हेच मला ठाऊक नव्हते.

पुढे तेच न्हाणीघर मी पहिल्या खर्चाच्या तिसऱ्या हिश्श्यात नीट करून घेतले. त्यातून जो धडा मिळाला तो एका वाक्यात सांगता येईल : पैसा थोडा असेल, तर तो आधी डोळ्यांना न दिसणाऱ्या कामावर खर्च करावा आणि दिसणाऱ्या कामावर शेवटी. रुपयातील दहा आणे पाणी, उतार, हवा आणि आधार यांसाठी. उरलेले सहा आणे शोभेसाठी. याच क्रमाने पुढील विवेचन केले आहे.

१. जुने न्हाणीघर का बिघडते?

जुन्या न्हाणीघराची बांधणी वाईट होती असे नाही. ती त्या काळच्या पाणीवापरास अनुरूप होती. विहिरीवरून किंवा नदीवरून पाणी आणावयाचे, बंबात तापवावयाचे, घंगाळात काढून पाटावर बसून तांब्याने अंगावर घ्यावयाचे. एका माणसाच्या स्नानास एक-दोन घागरी पुरत. सांडपाणी मोरीतून परसात जाई आणि तेथील अळू व केळी त्यावर पोसत. दोन स्नानांच्या मधल्या वेळात फरशी वाळून जाई.

आता परिस्थिती पालटली आहे. २०१९ साली सुरू झालेल्या जल जीवन मिशनमध्ये दरडोई दररोज ५५ लिटर पाण्याचे उद्दिष्ट ठेवण्यात आले. पाच माणसांच्या घरात हे पाणी २७५ लिटर होते आणि त्यातील बराचसा भाग न्हाणीघर व मोरी यांतूनच बाहेर पडतो. नळ घरात आला. मोरी मात्र घागरीच्या काळातली राहिली. फरशी दिवसभर ओली राहते, दरजांतून पाणी खाली झिरपते, मातीच्या भिंती ओल धरतात. म्हणून सुधारणेचा आरंभ पाण्याच्या वाटेपासून करणे अगत्याचे आहे.

२. पाणी जाण्याची वाट

प्रथम मोरीचे तोंड पाहावे. जुन्या मोरीस भिंतीत सरळ भोक असते. त्यातून पाणी जाते, तसेच झुरळे, उंदीर आणि दुर्गंधी आत येतात. यावर उपाय म्हणजे नहाणी ट्रॅप. त्याच्या वाटीत सुमारे ५ सेंटिमीटर पाणी कायम साचून राहते आणि तेच पाणी गटारातील दुर्गंधीस अडविते. पुष्कळ घरी हा ट्रॅप बसविलेला असतो. परंतु केस अडकून पाणी तुंबते म्हणून आतील उलटी वाटी काढून फेकलेली असते. वाटी गेली की पाण्याचा अडसर गेला. वाटी आठवड्यातून एकदा काढून धुवावी व पुन्हा जागेवर ठेवावी. घर महिनाभर बंद राहिल्यास ट्रॅपमधील पाणी आटते आणि दुर्गंधी येऊ लागते. अशा वेळी तांब्याभर पाणी ओतले की काम होते.

बाहेर पडलेले पाणी उघड्यावर साचू देऊ नये. साचलेल्या घाण पाण्यात क्यूलेक्स जातीच्या डासांची पैदास होते. परसात जागा असल्यास अळू, केळी, कर्दळ यांना पाणी देण्याची जुनी रीत आजही उत्तम आहे. जागा कमी असल्यास शोषखड्डा घ्यावा. सर्वसाधारण कुटुंबास एक मीटर लांब, एक मीटर रुंद व एक मीटर खोल खड्डा करतात. तळाशी मोठे दगड किंवा विटांचे तुकडे व वर लहान खडी भरतात. खड्ड्याआधी एक लहान गाळटाकी अवश्य ठेवावी, म्हणजे केस व साबणाचा गाळ तीत अडकतो आणि खड्डा लवकर भरत नाही. खड्डा पिण्याच्या पाण्याच्या विहिरीपासून किमान १५ मीटर लांब असावा व घराच्या पायाला लागून नसावा. काळ्या चिकण जमिनीत पाणी फार सावकाश मुरते. तेथे परसबागच अधिक उपयोगी पडते.

या कामाची परंपरा आपल्या राज्यात मोठी आहे. संत गाडगेबाबांनी (१८७६–१९५६) हाती खराटा घेऊन गावोगाव जो पाठ दिला, त्याच्याच नावाने २००० साली राज्यात ग्रामस्वच्छता अभियान सुरू झाले. नांदेड जिल्ह्यातील टेंभुर्णी गावाने घरोघरी शोषखड्डे घेऊन गटारे व डास यांपासून सुटका करून घेतली, हे उदाहरण आपल्यापैकी अनेकांनी ऐकले असेल.

३. जमीन आणि तिचा उतार

न्हाणीघराच्या जमिनीस साधारणपणे ६० एककांस १ एकक उतार असावा. पाच फूट लांबीच्या न्हाणीघरात दाराच्या बाजूपेक्षा मोरीची बाजू एक इंच खाली असली की पुरे. उतार याहून फार कमी असल्यास पाणी थांबते. फार अधिक असल्यास उभे राहताना तोल जातो.

तपासणीची रीत सोपी आहे. जमिनीवर बादलीभर पाणी ओतावे व पाव तासाने पाहावे. जेथे पाणी साचून राहिले असेल त्याभोवती खडूने रेघ ओढावी. खडू तर आपल्या खिशातच असतो. ती रेघ हेच दुरुस्तीचे क्षेत्र. संपूर्ण जमीन उकरण्याची गरज क्वचितच पडते. तेवढ्याच फरश्या उचलून, खालचा भराव ठोकून, उतार धरून त्या पुन्हा बसवाव्यात. शहाबादी फरशी मजबूत असते. ती जुनी दिसते एवढ्याच कारणासाठी फेकून देऊ नये. सर्व दरजा खरवडून काढून त्यांत पाणीरोधक मिसळलेले सिमेंट भरावे. फरशी गुळगुळीत झाली असेल, तर पाथरवटाकडून तिच्यावर हलकी टाकी मारून घ्यावी. आमच्या घरी दुसऱ्या खेपेस हेच केले. चमकदार टाइल्स काढल्या. त्यांखाली आजोबांच्या वेळची फरशी शाबूत होती.

जुन्या जमिनीवरच नवीन टाइल्स लावावयाच्या असतील, तर खालच्या फरशीस टाचे मारून घ्यावेत, नाहीतर पकड येत नाही. जमिनीची उंची वाढते, म्हणून दार घासणार नाही ना आणि पाणी उंबरठा ओलांडून शेजारच्या खोलीत जाणार नाही ना, हे आधी मोजून पाहावे. टाइल्स खरखरीत पृष्ठभागाच्याच घ्याव्यात. दुकानात निवडताना त्यांवर पाणी शिंपडावे व ओल्या बोटाने घासून पाहावे. कोरड्या टाइलची परीक्षा ही परीक्षाच नव्हे.

सिमेंटच्या नव्या कामावर किमान सात दिवस पाणी मारावे. काम पक्के झाल्यावर मोरीचे तोंड चिंधीने बंद करून जमिनीवर इंचभर पाणी एक दिवस ठेवावे आणि बाहेरून भिंत ओली होते का ते पाहावे. ही परीक्षा जुन्या, फुटक्या जमिनीवर मात्र करू नये. ते पाणी सरळ घराच्या पायात जाईल.

४. भिंती आणि ओल

भिंतीस ओल कोठून येते हे ओळखल्याशिवाय गिलावा करू नये. नळाच्या जोडाजवळ एकाच ठिकाणी ओल असेल तर गळती समजावी. जमिनीपासून वर हात-दोन हात सर्व बाजूंनी सारखी ओल चढली असेल, तर ती जमिनीतून येत आहे. छतावर काळे डाग असतील, तर वाफ बाहेर जाण्यास वाट नाही.

दगड-मातीच्या भिंतीवर सिमेंटचा गिलावा केल्यास आतील ओल बाहेर पडू शकत नाही. ती वर चढते, भिंतीस लोणा लागतो आणि गिलाव्याचे पापुद्रे सुटू लागतात. चुन्याच्या गिलाव्यातून ओल वाळत राहते. म्हणून अशा घरात पाणी उडते तेवढ्याच भागावर टाइल्स लावाव्यात व वरच्या भागास चुन्याचा गिलावा आणि चुन्याची सफेदी ठेवावी.

यात बचतही मोठी आहे. पाच फूट लांब व चार फूट रुंद न्हाणीघराचा परिघ १८ फूट होतो. अडीच फुटांचे दार वजा केल्यास १५॥ फूट उरतात. सात फूट उंचीपर्यंत टाइल्स लावल्यास १०८॥ चौरस फूट लागतील. बसून स्नान करणाऱ्या घरात तीन फूट उंची पुरते. त्यास ४६॥ चौरस फूट लागतात. नळाच्या चार फूट रुंद भिंतीवर आणखी दोन फूट उंची घेतली, तरी एकूण ५४॥ चौरस फूट, म्हणजे जवळजवळ निम्मेच काम होते. मोडतोडीसाठी एक दशांश अधिक धरावेत. दुकानात शिल्लक राहिलेल्या लहान लाॅटमधील टाइल्स स्वस्त मिळतात. लहान न्हाणीघरास त्या पुरतात. उभे राहून फवाऱ्याखाली स्नान करण्याची सवय असल्यास मात्र त्या बाजूची उंची सहा फूट ठेवावी.

सफेदीसाठी एक किलो चुनकळीस सुमारे पाच लिटर पाणी घ्यावे. चुना एक दिवस विरू द्यावा, जाड कापडातून गाळावा, त्यात थोडा गोंद व नीळ घालावी आणि पातळ हात तीन वेळा द्यावेत. चुनकळी विरताना फार तापते व तिचा शिंतोडा डोळ्यांस अपाय करतो. म्हणून हे काम मुलांना दूर ठेवून करावे.

५. हवा आणि उजेड

बुजविलेला झरोका उघडावा. तो शक्य तितका वर असावा, कारण वाफ वर जाते. दाराच्या खाली बोटभर फट किंवा जाळी ठेवली की हवा खालून येऊन वरून बाहेर पडते. कौलारू छप्पर असल्यास दोन कौलांच्या जागी काचेची कौले बसवावीत. इतक्या थोड्या खर्चात न्हाणीघरात एवढा उजेड दुसऱ्या कोणत्याही उपायाने येत नाही. जेथे ऊन व वारा पोहोचतो तेथे शेवाळ टिकत नाही.

६. आधार आणि सुरक्षितता

या सदरावर काटकसर करू नये. मोरीजवळच्या भिंतीत कमरेच्या उंचीस एक पोलादी दांडी बसवावी. मातीच्या भिंतीत नुसता स्क्रू धरत नाही. भिंतीच्या आरपार बोल्ट घालून पलीकडून पत्रा व नट लावून ती आवळावी, आणि स्वतः लोंबकळून तिची परीक्षा घ्यावी. वृद्धांसाठी पाटाऐवजी रुंद पायांचा, न घसरणारा स्टूल द्यावा. दार बाहेर उघडणारे असावे व कडी बाहेरूनही सरकविता येईल अशी असावी. आत कोणी पडल्यास दार मोडावे लागू नये. आमच्या आईस आम्ही बाहेर काढले ते दाराची बिजागरी उखडून. ती दहा मिनिटे मी विसरू शकत नाही.

पाणी तापविण्याचे साधनही तपासावे. गॅसचा गिझर बंद न्हाणीघरात कधीही बसवू नये. अपुऱ्या हवेत गॅस जळताना कार्बन मोनॉक्साइड वायू तयार होतो. त्यास वास नसतो, रंग नसतो; माणूस बेशुद्ध होईपर्यंत त्याला कळतही नाही. हेच तत्त्व कोळशाच्या बंबासही लागू आहे. बंब किंवा गिझर बाहेर ठेवून पाणी नळीने आत घ्यावे. विजेची कांडी बादलीत असताना पाण्यात हात घालू नये. आधी बटण बंद करून पिन काढावी. घराच्या वायरिंगला अर्थिंग आहे ना, हे जाणकाराकडून पाहून घ्यावे व ३० मिलिअँपिअर क्षमतेचा गळती-रोधक स्विच बसवून घ्यावा. 

७. शोभा

एवढे झाल्यावर उरलेल्या पैशांत शोभेचा विचार करावा, आणि ती पुष्कळ स्वस्तात साधते. दारास तैलरंगाचा एक हात, कपड्यांसाठी चार खुंट्या, एक आरसा, जुन्या कोनाड्यात साबणाची जागा. पितळी नळ चिंचेने घासून उजळावेत. नळ ठिबकत असल्यास बहुधा वायसर बदलला की पुरते, नवा नळ लागत नाही. आजीचे घंगाळ अडगळीत असेल, तर तेच बाहेर काढून पाणी साठविण्यास ठेवावे. मात्र साठविलेले पाणी आठवड्यातून एकदा पूर्ण रिकामे करून भांडे कोरडे करावे, कारण डेंग्यू पसरविणारा एडिस डास स्वच्छ साठवलेल्या पाण्यातच अंडी घालतो.

स्वच्छतेसंबंधी एक इशारा द्यावासा वाटतो. शहाबादी फरशी ही चुनखडकाची आहे. बाजारातील ॲसिडने ती तात्पुरती स्वच्छ दिसते, पण प्रत्यक्षात ॲसिड फरशीस व दरजांतील सिमेंटला खात असते. साबणाचे पाणी व काथ्याचा ब्रश यांनी ती घासावी. आणि ब्लीचिंग पावडर व ॲसिड एकत्र कधीही वापरू नये. त्यातून क्लोरीन हा विषारी वायू निघतो, आणि कोंदट न्हाणीघरात तो प्राणावर बेतू शकतो.

८. वर्गातील उपयोग

हा विषय आपल्या वर्गातही सहज आणता येईल. विद्यार्थ्यांनी आपल्या घरच्या न्हाणीघराची लांबी-रुंदी मोजून आणावी व क्षेत्रफळ, परिमिती, टाइल्सची संख्या काढावी. दर सेकंदास एक थेंब ठिबकणारा नळ घ्यावा. सुमारे २० थेंबांचे एक मिलिलिटर धरल्यास दिवसाच्या ८६,४०० थेंबांचे ४ लिटरांहून अधिक आणि वर्षाचे दीड हजार लिटरांहून अधिक पाणी होते. हे उत्तर मुलांनी स्वतः काढले की घरचा नळ दुरुस्त करण्याचा आग्रह तीच धरतात. शहाबादीच्या भुकटीवर लिंबाचा रस टाकून येणारे बुडबुडे दाखविले, तर ॲसिड फरशीस का खाते हे वेगळे समजावून सांगावे लागत नाही. शाळेच्या जुन्या हात धुण्याच्या जागेची व स्वच्छतागृहाची पाहणीही याच क्रमाने करावी : पाणी, उतार, हवा, आधार, आणि मग रंग.

दुरुस्तीस हात घालण्यापूर्वी कागदावर अंदाजपत्रक अवश्य करावे. पहिल्या रकान्यात आवश्यक कामे, दुसऱ्यात उपयुक्त कामे, तिसऱ्यात शोभेची कामे लिहावीत. पैसे पहिल्या रकान्यापासून वाटावेत, आणि एकूण रकमेचा दहावा हिस्सा राखून ठेवावा. जुन्या घरात फरशी उचलल्यावर खाली काय निघेल ते आधी सांगता येत नाही. पैसे पहिल्याच रकान्यात संपले तर खेद मानू नये. काम योग्य ठिकाणी झाले आहे.

माझी आई पुढे काठी घेऊन चालू लागली. नव्या न्हाणीघरात ती पहिल्यांदा एकटी गेली तेव्हा मी दाराशी उभा होतो. आतून तिने विचारले, "ही दांडी आधीच का नाही रे लावलीस?" त्या प्रश्नाला माझ्यापाशी उत्तर नव्हते. आपल्या घरी तो प्रश्न कोणास विचारावा लागू नये, एवढ्यासाठी हा लेख लिहिला आहे. येत्या सुट्टीत गावी गेल्यावर प्रथम बादलीभर पाणी ओतून पाहावे, ही विनंती.

— विस्तार अधिकारी (शिक्षण)